नवीन कार्ड येईपर्यंत

"अभी नको. जरा थांबा," असं म्हणताना ते उजवा हात आडवा धरायचे, ओल्या रंगाला कुणी बोट लावू नये म्हणून धरतात तसा. पंचवीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, त्यातूनच ती सवय लागली असावी. ऑफिसात सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पगाराच्या कागदावर त्यांचं खरं नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडात नव्हतं. मीही इथं उस्तादच म्हणतो.

आमचं ऑफिस म्हणजे पुंडलिकनगरातल्या एका घराचा वरचा मजला. साहेब आर्किटेक्ट. शहर तेव्हा बीड बायपासच्या पलीकडं पसरत चाललं होतं आणि रोज कुणी ना कुणी नव्या गृहसंकुलाची घोषणा करत होतं. न बांधलेली इमारत बांधल्यावर कशी दिसेल, याचं चित्र उस्ताद कॉम्प्युटरवर तयार करायचे. त्याखाली 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे मजकूर मी लिहायचो. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही येईलच असं नाही. त्या काळात तुम्ही बायपासवरून गेला असाल, तर खाली टँकरांची रांग आणि वर आमचे फलक, दोन्ही पाहिले असतील. फलकांवरचे निळे पोहण्याचे तलाव उस्तादांचे.

फ्लेक्सनं पाट्यांचा धंदा खाल्ला, तेव्हा उस्तादांनी चाळिशी ओलांडली होती. त्या वयात ते कॉम्प्युटर शिकले. खुलताबादहून एसटीनं यायचे आणि डबा खिडकीत ठेवून कामाला बसायचे. कुणालाही काहीही विकत घ्यायचं असलं, की त्यांना विचारायची ऑफिसात पद्धत होती. टायपिंगवाल्या बाईंना फ्रीज घ्यायचा होता. उस्ताद म्हणाले, "अभी नको, ताई. पावसाळ्यानंतर मॉडेल बदलतं." पावसाळ्यानंतर म्हणाले, दिवाळीनंतर घ्या. शेवटी बाईंनी माठ घेतला आणि तो न विचारता घेतला, हे सगळ्यांना सांगितलं. उस्तादच सगळ्यात जास्त हसले.

पण ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत ते हसत नसत. चित्रातला उजेड, सावली, पाण्यातलं प्रतिबिंब हे सगळं कॉम्प्युटरच्या पोटातलं ते कार्ड मोजून काढतं. कार्ड जितकं ताकदीचं, तितकं चित्र लवकर. आमचं कार्ड जुनं होतं. उस्ताद परदेशी वेबसाइटवरचे लेख छापून आणायचे आणि अडलेले इंग्रजी शब्द मला विचारायचे. मी लोकांचं शुद्धलेखन सुधारायचो, म्हणून त्यांनी मला मास्तर करून टाकलं होतं.

एकदा त्यांनी विचारलं, "मास्तर, ये रिफ्रेश म्हणजे काय?"

मी म्हणालो, ताजंतवानं करणं.

"म्हणजे शिळ्या भाकरीवर पाणी शिंपडून तव्यावर टाकायची," ते म्हणाले.

मग त्यांनी मला सगळं समजावलं. कंपन्यांचं सगळ्यात महागडं कार्ड असतं ना, त्याची चिप सुरुवातीपासून मोठीच बनवलेली असते. पण तिचे काही भाग बंद करून विकतात. आधी भलं मोठं नाव देऊन, हौशी लोकांना. मग तीच आणखी थोडी कापून, जरा स्वस्तात. समोरची कंपनी वरचढ व्हायला लागली, की मग बंद ठेवलेले भाग उघडायचे, नावापुढं एखादं अक्षर लावायचं आणि 'नवीन आलं' म्हणून बाजारात आणायचं. "दुकान तेच, पाटी नवी," ते म्हणायचे. एका चहावाल्यासाठी त्यांनी तीन वर्षांत तीन नावांच्या पाट्या रंगवल्या होत्या. चहात तर आलंसुद्धा बदललं नव्हतं.

कंपन्यांना ते शिव्या मात्र देत नसत. "सगळीच लबाडी नाय ती. नानच्या भट्टीसारखं असतं. पहिल्या खेपेला बऱ्याच नान एका कडंनं कच्च्या राहतात. ती कड झाकून विकायची. हात बसला, की नान पुरी पक्की निघते. ज्याला पुरी पक्की पायजे, त्यानं थांबावं."

त्या वर्षी फाल्गुनात साहेबांनी मला एका मोठ्या संकुलाचं काम येणार असल्याचं सांगितलं. सात इमारती, मधोमध तलाव, कारंजं. बिल्डरला चित्रं लवकर हवी होती. साहेब म्हणाले, पुण्यात दोन पोरं आहेत, ती दोन दिवसांत करून देतात. नाहीतर इथं मोठं कार्ड घ्यावं लागेल. उस्तादांना विचारून ठरवतो. ते बोलले सहज, पण मला त्यातलं कळलं. कार्ड आलं तर उस्ताद राहतील, नाही आलं तर काम पुण्याला जाईल आणि मग उस्तादांचं काम उरणार नाही.

मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, साहेब विचारतील, तेव्हा आत्ताच घ्या म्हणून सांगा. कारणही सांगितलं.

"मास्तर, मेरेको बी कळतंय. पण आज घेतलं, तर साहेबांना अर्धी चिप पुऱ्या किमतीत पडल. दिवाळीच्या आसपास हीच पुरी उघडून येईल. मी लिहून देतो."

"ते खरं असेल. पण तुमचं काय?"

"त्यांनी माझ्या भरवशावर विचारलं, तर मी काय सांगू?"

पाडव्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी विचारलं. मी तिथंच होतो. उस्तादांचा हात आडवा झाला. साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. त्यांना कार्ड घ्यायचंच नव्हतं. नाही म्हणायला कुणीतरी हवं होतं.

मग तो उन्हाळा आला. काम पुण्याला जाऊ नये म्हणून उस्तादांनी ते अंगावर घेतलं, जुन्याच कार्डावर सात इमारती आणि तलाव. पाण्याचं चित्र सगळ्यात जड, कारण पाण्यात सगळंच दिसावं लागतं. कार्ड तापायचं आणि दुपारी बाराच्या पुढं मशीन आपोआप बंद पडायचं. खोलीत कूलर होता, पण कूलरला पाणी कुठून आणायचं? प्यायचेच जार मोजून यायचे. उस्ताद खुलताबादहून पहिल्या एसटीनं यायला लागले, हातात वीस लिटरचा कॅन घेऊन. त्यांच्या गल्लीतल्या आडाचं मचूळ पाणी, जनावरंही नाखुशीनं प्यायची म्हणे. ते कूलरमध्ये ओतायचं, कूलरचं तोंड माणसांकडून मशीनकडं फिरवायचं आणि ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं चित्र काढून घ्यायचं. कंडक्टर कॅनचं तिकीट मागायचा. उस्ताद त्याला म्हणायचे, "तलाव बांधायलोय, साहेब." दोघंही हसायचे म्हणे.

मी त्यांना कधी घाईत पाहिलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत पाहिलं. डोळे सुजलेले असायचे. डबा तसाच परत जायचा. मी कॅन जिन्यातून वर आणायला हात लावला, तर म्हणायचे, तुम्ही मजकूर बघा, मास्तर. एकदा मशीन बंद पडल्यावर काळ्या पडद्यासमोर ते तसेच बसून राहिले होते. मी बाजूला जाऊन उभा राहिलो, तर हळूच म्हणाले, "होईल ना?" मी म्हटलं, होईल.

सहा इमारती झाल्या. तलावाच्या चित्रात कार्ड जळालं. करपलेला वास जिन्यापर्यंत आला.

पुण्याच्या पोरांनी दोन दिवसांत सगळी चित्रं पाठवली. त्यांच्या तलावाचं पाणी निळ्या प्लास्टिकच्या कागदासारखं होतं. त्यात ना इमारत दिसत होती, ना आभाळ. बिल्डरला फार आवडलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी उस्तादांना चहा दिला, त्यांच्याकडची लग्नकार्यं विचारली आणि म्हणाले, "उस्ताद, तुम्हीच म्हणता ना, दिवाळीला पूर्ण चिप येतेय. मग नवीन कार्ड येईपर्यंत जरा घरी आराम करा."

उस्तादांचा चेहरा उजळला. ते अगदी मनापासून म्हणाले, "व्हय साहेब, तेच बरोबर आहे." माझ्याकडं पाहून त्यांनी मानही हलवली, की बघा, सगळं जमलं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर फरशांचे नमुने रचले गेले. मी ते त्यांना कळवलं नाही.

पाऊस त्याही वर्षी हात राखूनच पडला. दिवाळीनंतर उस्तादांचा फोन आला. कार्ड निघालं होतं. ते सांगत होते तसंच, तीच चिप, सगळे भाग उघडे, नावापुढं दोन अक्षरं जास्त. ते खास एसटीनं आले आणि मला घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. दुकानदारानं खोका हातात घेऊ दिला. खोक्यामागचे आकडे त्यांनी बोट ठेवून एक एक वाचले.

"देखो मास्तर, पुरी पक्की," ते म्हणाले. "आता तेवढं साहेबांच्या कानावर घाला. मी स्वतः जाऊन सांगणं बरं दिसत नाय."

मी साहेबांना सांगितलं. साहेब नकाशावरून मान न उचलता म्हणाले, "कसलं कार्ड?"

मी आठवण करून दिली नाही. उस्तादांचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा मी म्हणालो, साहेब बाहेरगावी आहेत. दुसऱ्यांदा म्हणालो, बोलणं चाललंय. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मी तो उचलला नाही. असल्या गोष्टी माणूस मोठ्या दुष्टपणानं करत नाही. जेवत होतो, म्हणून नाही उचलला. मग राहून गेलं.

थंडीत एका सकाळी उस्ताद गेले. अंघोळ करून, कपडे घालून बाजेवर बसले होते, तिथंच. मला आठवड्यानं कळलं. मी खुलताबादला गेलो. दोन खोल्यांचं घर. उस्तादांची मुलगी तिथल्या शाळेत शिकवते, तिनं मला खुर्ची दिली. तिची आई आतल्या खोलीत, पडद्यापलीकडं होती.

मुलगी चांगलं, सावकाश मराठी बोलत होती. ती म्हणाली, "अब्बा रोज तयार होऊन बसायचे. म्हणायचे, कार्ड आलंय, आता साहेबांचा फोन येईल. गल्लीतले लोक हसायचे त्यांना. अम्मीसुद्धा चिडायची, की कशाला रोज इस्त्री करायला लावता. तुम्ही ऑफिसातले, म्हणून विचारते, मास्तर. साहेब बोलावणार होते का?"

"हो," मी म्हणालो. "पुढच्याच आठवड्यात बोलावणार होते."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पडद्याकडं तोंड करून म्हणाली, "अम्मी, सुना? बुलानेवाले थे."

आत भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला.