उकर्डाच्या जन्माची नोंद

मेथी घ्यायची तर उत्तमरावांकडूनच, हे निवृत्तीनंतर मला बायकोनं शिकवलं. मंगरूळपीरच्या बाजारात त्यांच्या मळ्याचा भाजीपाला दहाच्या आत संपतो. वय एकाहत्तर, बोलणं फटकळ, पण जुडी बांधायला हात सढळ. मला मोडी वाचता येते असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, आणि एका सकाळी ते माझ्या दारात उभे.

"गुर्जी, माह्या आज्याचा जलम शोधून द्या."

आज्याचं नाव उकर्डा. एका लग्नाच्या पंगतीत त्यांचा भाऊबंद राजपाल सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुमचा आजा उकिरड्यावर सापडला व्हता. तुमी आमच्या कुळातले कायचे?" उत्तमराव भरल्या ताटावरून उठले होते.

आता आमच्या वऱ्हाडात उकर्डा नावाची माणसं गावोगाव. पोरं जगत नसली की नवं पोर उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं ते उचलायचं आणि आईबापांनी मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. टाकून दिलेल्या पोराकडे काळ बघत नाही, अशी समजूत. मी हे सांगून पाहिलं. पण उत्तमरावांना कागद हवा होता, आणि खरं सांगायचं तर आता मलाही.

जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या आम्ही चार महिने चाळल्या. गावच्या नोंदी लिहिणाऱ्या कोतवालाचं अक्षर पाहून त्याला पुन्हा पहिलीत बसवावंसं वाटे. उत्तमराव शेजारून सारखे विचारत, "उकर्डा लिहेल हाय का?" मी वैतागायचो. नोंद दोन-चार दिवसांत व्हायची आणि नाव ठेवायचे बाराव्या दिवशी. वहीत नावं येणार कुठून! नुसतं 'मुलगा', 'मुलगी'.

आज्याचे वडील पुंजाजी माळी सापडले, पण मृत्यूच्या वहीत. १८७७ पासून आठ वर्षांत पाच वेळा. मुलगी, दिवस नऊ. मुलगा, महिना दीड. मुलगा, दिवस चार. मी वाचत गेलो तशी उत्तमरावांची मान खाली गेली. जन्माच्या वहीत मात्र पुंजाजीच्या घरी सहावं मूल नव्हतंच. १८८७ सालात एक वेगळीच नोंद होती: 'मुलगा. शेख बुऱ्हान रंगारी याचे घरी. उकिरड्यावरील पोर.'

मोठ्यानं वाचलं आणि मी जीभ चावली.

"म्हंजे राजपाल खरं बोलला," उत्तमराव म्हणाले.

मला राग आला, कुणाचा ते कळेना. कागदावर विश्वास ठेवा, असं पस्तीस वर्षं मीच पोरांना शिकवलं होतं. "रंगाऱ्याचं घर अजून आहे," मी म्हणालो. "चला."

त्या घरी आता फय्याज गाद्या शिवतो. त्याची आजी ताजबी नव्वदीची, खाटेवर बसून सुपारी कातरत होती. उत्तमराव दारातूनच म्हणाले, "खाला, माहा आजा तुमच्या घरचा व्हता का?"

ताजबी हसली. "बैठ, बाबू. पुंजाजीच्या बाईचे पाच गेले. सहावा झाला तं माह्या सासूच्या सासूनं उकिरड्यावरून उचलला. मूठभर कोंड्यात परत बी देला. पन कोतवाल नोंद घ्याले आला तं तिनं सांगतलं, हा आमच्या घरचा हाय. पुंजाजीचं नाव वहीत चढलं असतं तं मौतीले घर सापडलं असतं ना! चाळीस दिवस दूध बी तिनंच पाजलं. आमच्यात तुमी दुधाचे नातेवाईक."

काळाला चकवण्याच्या नादात त्या बायांनी उकर्डाच्या नातवालाही चकवलं होतं. उत्तमराव तिथेच बसून रडले, लहान पोरासारखे. ताजबीनं त्यांना रडू दिलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आता राजपालला घेऊन या इथं. ऐकू द्या त्याला."

"त्याले काय आयकवता, गुर्जी. मले त्या पाचाईच्या तारखा लिहून द्या."

सर्वपित्री अमावास्येला मला त्यांच्याकडे जेवायचं बोलावणं आलं. आज्याच्या पानावर वडे, खीर, कढी, सगळं वाढलेलं. त्याच्या बाजूला पाच लहान द्रोण मांडले होते आणि उत्तमराव त्यांत नुसतं दूध ओतत होते.

नात रुचिका म्हणाली, "आबा, याईले वडा-खीर काहून नाई?"

उत्तमरावांचा हात थांबला. "त्याईले दात कुठं आले व्हते, पोरी?"