सामाईक भिंतीचे काका

आपलं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, हे आमच्या भिंतीपलीकडच्या काकांइतकं नेमकं एखाद्या न्यायाधीशालाही सांगता आलं नसतं. गिरगावातल्या आमच्या वाडीत दोन लाकडी घरं एकमेकांना चिकटून उभी होती. एक त्यांचं, एक आमचं आणि मधली भिंत दोघांची. काका एका कचेरीत नकाशे काढत. घडीची लाकडी फूटपट्टी कायम त्यांच्या कोटाच्या खिशात; रविवारी कोट नसला तर सदऱ्याच्या. पंगतीत शेजारच्या पानाची कड आपल्या पानावर आलेली त्यांना खपत नसे. दोन छपरांमधली पन्हळ एकदा गळू लागली, तेव्हा त्यांनी दोन्ही घरांत सारख्या मापाचे टोप मांडले आणि ज्याच्याकडे जास्त गळेल त्याने दुरुस्तीला जास्त द्यायचं असं ठरवलं. आमचा टोप कमी भरला. आई लगेच पलीकडे जाऊन सांगून आली, "भाऊजी, मी तो मधे एकदा ओतून टाकला होता हं, तेवढं धरा." काकांनी टोप पुन्हा मांडले. "तुझ्या आईशी व्यवहार करावा," असं ते मला म्हणाले. याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती.

खिळ्यांचाही त्यांनी कायदा केला होता. भिंतीत काही ठोकायचं तर आधी तीनदा टकटक करायची. पलीकडच्यांनी आपलं घड्याळ, तसबिरी उतरवून उलट दोनदा टकटक केली की मगच हातोडी उचलायची. आम्ही हसायचो, पण पाळायचो.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात वडील तुरुंगात गेले आणि त्यांचा पगार बंद झाला, नेमक्या त्याच दिवसांत मधल्या भिंतीतला मोठा खांब वाळवीने पोखरलेला निघाला. मिस्त्रीने बोट लावलं तर भुसा सांडला. "आता थांबू नका, माडी खाली येईल," तो म्हणाला. उसनं घेणं आईच्या रक्तात नव्हतं. अर्ध्या खर्चासाठी पाटल्या मोडायच्या असं तिने ठरवलं आणि पलीकडच्या काकूंना तसं सांगितलंही. त्याच संध्याकाळी काका फूटपट्टी घेऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, भिंत मी पुन्हा मोजली. खांबासकट सगळी आमच्या हद्दीत येते. तुमचा एक पैसा नको. आज घेतला तर उद्या हक्क सांगाल."

आईचा पारा चढला. "आणि इतकी वर्षं या भिंतीच्या चुन्याचे अर्धे पैसे घेतलेत ते?"

"ते चुकून घेतले," काका खाली बघत म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पाकिटातून परत पाठवले. हक्काचे म्हणून आईने ते रागारागाने मोजून घेतले आणि त्यावर आमचा महिना निघाला. खांब बदलला गेला. आईने 'त्यांच्या' भिंतीतला आमचा खिळा न् खिळा उपटून काढला. आरसा जमिनीवर आला, आणि त्यानंतर ती कायम गुडघ्यांवर बसून वेणी घालू लागली. मी तेव्हा कॉलेजात होतो, अंगात रग होती. जिन्यात गाठून मी काकांना भिंतचोर म्हणालो. ते नुसते हसले आणि मला वाट द्यायला कठड्याला चिकटून उभे राहिले.

वडील सुटून आले तेव्हा वाडीच्या तोंडाशी हारतुरे झाले. गर्दीत मागे उभे राहून काका टाळ्या वाजवत होते. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला, वाडीत पेढे वाटले गेले, पण आमच्या दोन घरांतला अबोला काही सुटला नाही. त्यांचं घड्याळ टोले द्यायचं ते भिंतीतून ऐकू यायचं, तेवढाच संबंध.

काही वर्षांनी काका गेले. दिवस झाल्यावर काकू एक जुनं खरेदीखत घेऊन आईकडे आल्या. "वहिनी, हे तुम्ही वाचा. मला शपथ घातली होती, म्हणून इतके दिवस बोलले नाही."

मी वाचलं. मधली भिंत सामाईक, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सोबत काकांनी काढलेला भिंतीचा एक छोटा नकाशा होता, खांब बदलला त्या वर्षीचा. दोघांच्या हद्दीची रेघ खांबाच्या ऐन मधोमध गेली होती.

"मदत म्हणून दिलं तर तुम्ही घेणार नाही, हे त्यांना माहीत होतं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, वाडी नावं ठेवील. तर म्हणाले, ठेवू दे, त्या पाटल्या तेवढ्या राहू देत."

काकू पलीकडे आपल्या घरी गेल्या. मला जिन्यातला तो कठडा दिसत होता, आणि त्याला चिकटून उभा राहिलेला तो माणूस. माझा शब्द ज्याच्यापाशी परत घ्यायचा, तोच आता उरला नव्हता. मग आई उठली, खिळा आणि हातोडी घेऊन भिंतीपाशी गेली आणि तिने तीनदा टकटक केली. पलीकडे काहीतरी उतरवल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने दोनदा टकटक आली.

आईने हातोडी उचलली, पण डोळे भरून आल्यामुळे तिला खिळा दिसेना. शेवटी तो मीच ठोकला.