माझ्या फोटोला हार

हसणार नसाल तर सांगतो. हसालच म्हणा, पण चहाचा कप तरी आधी खाली ठेवा!

आमच्या ऑफिसच्या नाटकात मी बारा वर्षं नुसत्या खुर्च्या उचलल्या. यंदा दिग्दर्शक बंडूभाऊंना माझी दया आली.

"तुले भुताचा रोल देतो. एकच वाक्य आहे. तेवढं तरी बोलशील ना गा?"

बोलशील? अहो, महिनाभर आंघोळीला गेलो की तेच! 'मी गेलो नाही, तुम्ही मला घालवलंत.' एवढं भूत बोललं की खुनी गुन्हा कबूल करतो आणि पडदा पडतो. म्हणजे अख्खं नाटक माझ्या एका वाक्यावर लटकलेलं!

शनिवारी सकाळी सेट लागला. भिंतीवर मेलेल्या माणसाचा फोटो हवा होता. मेलेला मीच, म्हणून फोटोही माझाच. वर चंदनाचा हार, खाली समई. काय दिसत होतो महाराज! हुरळून जाऊन तोच फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आज दुपारी चार वाजता. सर्वांनी अवश्य यावे.' सभागृहाचा पत्ताही टाकला. लगेच बंडूभाऊंनी सगळ्यांचे मोबाइल बंद करून पिशवीत भरले.

नाटक सुरू झालं. मी विंगेत उभा. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांखाली काजळ. आरशात पाहिलं तेव्हा मीच दोन पावलं मागे सरलो होतो. आता समोर माझाच हार घातलेला फोटो, आणि खाली समईची ज्योत हलतेय. करून पाहा कधी! पाच मिनिटांनी आपण नक्की कुठल्या बाजूला आहोत तेच कळेनासं होतं.

स्टेजवर खुनी माझ्या फोटोपुढे उभा राहून माझं खोटं गुणगान गात होता. तेवढ्यात अंधारातून हुंदका आला.

"पब्लिक रडून राहिली!" बंडूभाऊ खूश.

"पण भाऊ, इथं तर हसायला पाहिजे ना?"

बंडूभाऊंचं हसू मावळलं. हुंदका काही थांबेना. कोणीतरी एकटंच, दाबून दाबून रडत होतं.

माझी एन्ट्री आली. दिवे मंद झाले. निळा उजेड, धूर. मी पुढे झालो, तोंड उघडलं आणि वाक्य गायब! विंगेकडे पाहिलं, तर धुरात बंडूभाऊही गायब!

"बाळ्याऽऽ…"

सर्रकन काटा आला अंगावर. आई गेल्यापासून नागपुरात मला या नावाने कोणी हाक मारत नाही. ऑफिसात तर हे नाव कोणाला ठाऊकच नाही!

"बाळ्या गाऽ…"

अंधारातून काहीतरी पांढरं पुढे सरकत होतं. पाय दिसत नव्हते. भूत मी, आणि रामरक्षाही मीच आठवतोय! तीही आठवेना.

ते पांढरं स्टेजच्या कडेला आलं, तेव्हा चेहरा दिसला. नरखेडचे माझे मामा! धोतर, खांद्यावर दुपट्टा, रडून सुजलेले डोळे. ग्रुपवर फोटो पाहिला आणि मिळेल ती एसटी धरून आले. मी वेळ लिहिली, पत्ता लिहिला, फक्त 'नाटक' हा शब्द लिहायचा राहिला! शोकसभा समजून आत शिरले तर हार, समई, माझं गुणगान आणि गप्प बसलेली माणसं. शंका कशाला येईल? त्यात आता धुरातून खुद्द मी!

खरं सांगतो, लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही की आपण हात जोडून विचारतो ना, तसे मामांनी हात जोडले.

"काहून भटकून राहिला गा? काय राहिलं तुह्यं? पोराचं शिक्षण? मी पाहतो. सूनबाईले अंतर देणार नाही. बोल बाप्पा, कशात जीव अडकला? मी पुरं करतो. मंग जाय सुखानं."

खुनी माझ्याकडे पाहतोय, मामा माझ्याकडे पाहताहेत. आणि बारा वर्षांनी मिळालेलं ते वाक्य डोक्यात कुठेच नाही. माझेही हात आपोआप जुळले.

"मामा, एकच वाक्य राहिलं… तेच आठवून नाही राहिलं!"