पायरीवरची मुलगी

मला पाय काढता येत नाही. हातही येत नाही आणि तोंड तर नाहीच. मी पहिलीचा मास्तर. फळ्यावर काढलेली माझी गाय पोरं कुत्रा म्हणून ओळखायची. तरीही मुळाक्षरांच्या एका पुस्तकात एक पाय मी काढलेला आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. ज्यांच्या घरी माझं ते जुनं पुस्तक असेल त्यांनी उघडून पाहावं. लाल झग्यातल्या मुलीचा डावा पाय. जरा जाड, गुडघा नसल्यासारखा सरळ, चपलेत कसाबसा बसवलेला. बाकी सगळी चित्रं माझ्या मित्राची. तो पाय तेवढा माझा.

नांदेडला आम्ही एकाच शाळेत होतो. मी पहिलीचा वर्ग घ्यायचो, तो वरच्या वर्गांना चित्रकला शिकवायचा. वर्गात मी अक्षरांची गाणी करून पोरांकडून म्हणवून घ्यायचो. त्याला ती खिडकीतून ऐकू जायची. एके दिवशी तो ज्वारीच्या कणसाचं चित्र घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याला बसंल असं काहीतरी लाव." मी लावलं :

क कणसाचा, दाणे मोजतं कोण?
चिमणी म्हणे मीच की, येतात मला दोन.

पुढं तीच पद्धत पडली. आधी चित्र, मग गाणं. यमक जुळलं नाही तर यमक बदलायचं, चित्राला हात लावायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. नवं गाणं मी वर्गात एकदाच म्हणायचो. मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिताना पोरांनी ते आपणहून म्हटलं तर ठेवायचं, नाही तर टाकून द्यायचं. नळाच्या परीक्षेत माझी पुष्कळ गाणी नापास झाली.

चित्रांतली मुलगी म्हणजे त्याची एकुलती एक लेक. तेव्हा ती शाळेत नुकतीच जायला लागली होती. पोलिओनं तिचा डावा पाय गेला होता; गुडघ्याच्या वरपर्यंत दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जड बूट. आम्ही कॅलिपर म्हणायचो, ती नुसतं 'माझा बूट' म्हणायची. घराच्या ओट्यावर ती बापासमोर बसायची, कधी कमरेवर घागर घेऊन, कधी खारीला दाणे टाकल्यासारखं करत, आणि तो काढायचा. इतकं लहान पोर इतका वेळ न हलता बसलेलं मी नंतर कधी पाहिलं नाही.

पहिलं चित्र पाहून मी विचारलं होतं, "कॅलिपर कशाला काढलास?"

"तिच्या पायात हाय म्हणून," तो म्हणाला.

विषय तिथंच संपला. प च्या पानावर तिला त्यानं शाळेच्या पायऱ्या चढताना काढलं. बुटाचा पाय आधी हातानं उचलून वर ठेवायचा, मग कठड्याला धरून दुसरा, हे तिचं चढणं मी रोज पाहत होतो. त्यामुळं ते गाणं मला शोधावं लागलं नाही :

प पायरीचा, एक पाय वर, एक पाय खाली,
पोचता पोचता बाई संध्याकाळ झाली.

नळावर ते पहिल्याच दिवशी गाजलं. सगळ्यांत मोठ्यानं ती म्हणायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चित्रांचं बाड घेऊन लातूरला आलो. लातूर माझं गाव. तिथल्या वह्या-पुस्तकांच्या एका दुकानदारानं पुस्तक काढायचं कबूल केलं होतं. त्यानं चित्रं गादीवर मांडली, गाणी वाचून घेतली, घागरीच्या गाण्याला हसला. मग एकेक चित्र पुन्हा उचलून बघत म्हणाला, "सर, एवढा पाय नीट करून द्या."

"तो तसाच आहे."

"असंल. पण आई-बाप हौसेनं पुस्तक घेतात लेकराला. पानापानावर दुखणं कशाला दाखवायचं?"

"चित्रकाराला विचारावं लागेल."

"विचारा की. पण शाळा उघडायच्या आत छापून आलं पाहिजे. मागून कोण घेतंय?"

नांदेडला फोन करता आला असता. त्याच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता आणि तो नंबर मला पाठ होता. बसनं जाऊन यायलाही एक दिवस पुरला असता. मी विचारलं नाही, कारण तो नाही म्हणेल हे मला माहीत होतं. आणि मला पुस्तक हवं होतं. कव्हरवर माझं नाव कसं दिसेल हे मी वहीच्या पाठीमागं लिहून लिहून पाहिलेलं होतं.

पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली आणली आणि एका दुपारी घरात बसून सगळ्या पानांवरचा बूट पुसला. रंग वाळल्यावर त्यावर पेननं पाय काढला. माझी आई पंखा हलवत बाजूला बसली होती. तिनं एकदा वाकून पाहिलं आणि विचारलं, "त्यानं काढलेलं तू का गिरवायलास?" मी म्हणालो, दुरुस्ती आहे.

पुस्तक आलं. पहिल्या प्रती घेऊन मी नांदेडला त्याच्या घरी गेलो. ओट्यावरच बसलो. त्यानं पान उघडलं आणि त्याचा हात थांबला. स्वतःची रेघ कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं सुरू होते, हे त्याला कळायला किती वेळ लागणार? तो काही बोलायच्या आत मुलीनं पुस्तक ओढून घेतलं. तिनं भराभर पानं उलटली, मग सावकाश उलटली.

"ही मी न्हाई," ती म्हणाली.

"तूच तर आहेस," मी म्हणालो.

"मग माझा बूट कुठंय?"

तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी हसत हसत दुसरंच बोललो, "तुझ्या बाबांनी चित्रात तुला बरं करून टाकलं, बघ."

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता तो उठेल, पुस्तक माझ्या अंगावर फेकेल. तो उठला नाही. मुलगी तोवर प च्या पानाशी पोचली होती. तिनं गाणं म्हटलं, चित्र पाहिलं आणि बापाला विचारलं, "पाय चांगला हाय, तर मग संध्याकाळ का झाली?"

"चहा टाकायला सांग आईला," तो तिला म्हणाला.

त्या पुस्तकानं मला पुष्कळ दिलं. शाळांमध्ये बोलावणी, हार, शाली. त्या बोलावण्यांना तो कधी माझ्याबरोबर आला नाही. दुसरं पुस्तक करू म्हणालो, तर "हात चालंना" म्हणाला. लग्नकार्यात भेटायचो, तब्येतीचं विचारायचो. तो माझ्यावरच्या रागानं काढत नाही, असं मी धरून चाललो होतो. रागावलाय म्हटलं की निदान हिशेब फिटल्यासारखा वाटायचा.

निवृत्तीनंतर मी लातूरला येऊन राहिलो. बायको गेली. मुलगा बेंगळुरूला. नातवाला व्हिडिओ कॉलवर मी एकदा खारीचं गाणं म्हणून दाखवलं : ख खारीचा, खार पळाली झाडावर, शेपूट राहिलं दारावर. तो छान हसला आणि त्याच्या आईला इंग्रजीत विचारलं, आजोबा काय म्हणतात. आता ती गाणी मीच म्हणतो, भाजी निवडताना वगैरे.

काही वर्षांपूर्वी मित्र गेला. तेराव्याला नांदेडला गेलो. बायकांची पंगत बसायची होती. त्याची मुलगी माझ्या पुढच्याच सतरंजीवर कुणा नातेवाईक बाईशी बोलत होती. "बाबांनी लई केलं माझ्यासाठी," ती म्हणाली, "पण माझ्या पायाची त्यांना लाजच वाटायची. पुस्तकातसुद्धा पुसला." माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी पिऊन खाली ठेवला आणि बस गाठली.

या उन्हाळ्यात पुस्तक छापणाऱ्या त्या दुकानदार-प्रकाशकाच्या नातवाचा फोन आला. "आजोबा, जुन्या पुस्तकाला लई मागणी हाय. पुन्हा काढू. चित्रांसाठी तेवढी त्यांच्या मुलीची परवानगी लागंल." मूळ चित्रं छपाईनंतर माझ्याकडंच परत आली होती. ती मी मित्राला कधी दिली नव्हती. कुठल्या तोंडानं देणार होतो? ट्रंकेतून बाड काढलं. प चं पान घेतलं, कापूस ओला केला आणि त्या पायावर हलके फिरवला. पोस्टर कलर पाण्यानं निघतो. मित्राची शाई पक्की होती. आधी बुटाचं टोक दिसलं, मग लेस, मग लोखंडी पट्ट्या. चामड्याचा तपकिरी रंग माझ्या पांढऱ्याबरोबर धुऊन गेला. पण रेघा सगळ्या जागच्या जागी होत्या.

मी बाड पिशवीत घातलं आणि धर्माबादला गेलो. तिथं तिचं औषधाचं दुकान आहे. मिरचीच्या बाजारापासून जवळच, त्यामुळं बसमधून उतरल्यापासून मी शिंकत होतो.

"काका, तुम्ही?" ती उंच स्टुलावरून म्हणाली. केस पांढरे झाले होते. "एवढ्या उन्हाचं कुठं फिरून राहिले? बसा, बसा. त्या लातूरवाल्याचा फोन आला होता मला. कुठं सही करायची सांगा."

"सही राहू दे. आधी हे बघ."

तिनं चष्मा लावला. पान उजेडाकडं धरलं. लेसच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हे कुणी काढलं?"

"तुझ्या बाबांनी. पहिल्यापासून असंच होतं. वर पांढरा रंग मी लावला. पाय मी काढला, सगळ्या पानांवर. त्याला न विचारता."

एक हमाल खोकत खोकत आला. "अम्मा, दग्गूचं औषध द्या."

"मिरचीत काम करून राहिले अन् तोंडाला फडकं न्हाई बांधत," ती त्याच्यावर डाफरली. "औषध काय करंल मग? रात्री एक चमचा घ्या. एकच. बाटली तोंडाला लावू नका." तो हसत गेला. ती माझ्याकडं वळली. तिचा आवाज तोच होता, फक्त खाली आला होता. "तुम्ही म्हणाले होते, बाबांनी मला बरं केलं."

"हाव."

"बाबांना कळलं होतं?"

"पान उघडल्या उघडल्या."

"मग मला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

याची कितीतरी उत्तरं मी इतक्या वर्षांत स्वतःला देऊन ठेवली होती. ती सगळी बाजूला ठेवली. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

तिनं पान काउंटरवर ठेवलं. "त्यानंतर मी बसले न्हाई कधी त्यांच्यासमोर. बोलवायचे. ये, जरा बस म्हणायचे. मी म्हणायची, तुम्हाला पाहिजे तशी काढा ना, मला बघून कशाला काढता?" तिनं चष्मा काढला. "मग त्यांनी बोलवणंच सोडलं. पुढं काढणंबी सोडलं."

त्याचा माझ्यावरचा राग. एवढी वर्षं मी तो धरून बसलो होतो, आणि त्यानं काढणं सोडलं ते माझ्यावर रागावून नव्हतंच.

"तेराव्याला तुम्ही माझ्या मागंच बसले होते की," ती म्हणाली.

"हाव."

शेजारच्या टपरीवरचा चहा आला. तिनं माझा कप माझ्यापुढं सरकवला, स्वतःचा तसाच ठेवला.

"बाकीची चित्रं?"

"पिशवीत आहेत. घरी नेऊन एकेक धुतो आणि..."

"न्हाई. तुम्ही आता हात लावू नका. ठेवा इथं."

मी बाड तिच्या काउंटरवर ठेवलं. एरवी कधीही भेटली की ती जेवल्याशिवाय सोडत नसे. त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहून म्हणाली, "नांदेडची गाडी आता लागंल. निघा."

रिकामी पिशवी घेऊन मी लातूरला आलो. प्रकाशकाच्या नातवाला सांगितलं, ती सांगेल तेव्हा आणि ती सांगेल तसं. नाही म्हणाली तर नाही. तो जरा नाराज झाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही, तिचाही नाही. तिच्याशी बोलावं म्हणून मी दोनदा तिचा नंबर काढला आणि लावला नाही.

परवा दुपारी मोबाईलवर एक फोटो आला. खाली एक अक्षरही नाही. घ चं पान. घ घागरीचा, घागर निघाली पाण्याला, बुडता बुडता सूर लागला गाण्याला. कमरेवर घागर घेतलेली मुलगी, पायात बूट, पट्ट्या, लेस. धुऊन गेलेल्या चामड्याच्या पट्ट्यांत तिनं पुन्हा तपकिरी रंग भरला आहे. सवय नसलेल्या हाताचा आहे. एका ठिकाणी रेघेबाहेर गेला आहे.

उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. चित्राला आपण हात लावायचा नाही, एवढं तरी आता पाळायचं आहे. फोटो मोठा करून मी तो पाय पाहत बसलो. दुसरं पान अजून आलेलं नाही.