नाहीबाई इथेच राहणार
सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात तिला सगळे नाहीबाई म्हणत. परदेशातून आलेल्या या बाईला इथल्या भाषेतला पहिला शब्द आला तो ‘नाही’, आणि तो तिने असा काही घट्ट धरला, की आश्रयगृहातल्या मावशींनी लाडाने तेच नाव ठेवलं.

तिला आणलं होतं म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी आहे, असं सांगून. सांगणारा सख्खा मामा. शंका कशी येणार? पण विमानतळावरून थेट नेलं ते शिलाईच्या कारखान्यात. ठेकेदाराने पासपोर्ट काढून घेतला आणि दाराला बाहेरून कुलूप लावलं. दिवसभर मान मोडून काम, आणि मशीन बंद झाल्यावर जे होई, त्याबद्दल ती आजही बोलत नाही. पोलिसांचा छापा पडला तेव्हा ती शिवलेल्या खोळींच्या ढिगाखाली लपली. तिला वाटलं, पोलीसही ठेकेदाराचेच. पण त्यांनी तिला आश्रयगृहात पोचवलं, आणि पुढे सोफ्यांच्या दुकानात काम मिळालं.

कारखान्यात शेजारच्या मशीनवर बसणारी मुलगी साक्ष द्यायला घाबरली. सरकारने तिला लगेच तिच्या देशात परत पाठवून दिलं. नाहीबाई मात्र कोर्टात ठेकेदारासमोर उभी राहून बोलली. ठेकेदार तुरुंगात गेला, आणि पाठोपाठ तिला परवाना कार्यालयातून बोलावणं आलं.

“खटला संपला,” टेबलामागचे साहेब म्हणाले. “साक्षीदार म्हणून दिलेला परवानाही संपला. आश्रयगृह, डॉक्टरांचे उपचार, सगळं त्यावरच होतं. आता घरी जा. आई वाट बघत असेल.”

“आईच्या शेजारीच मामा राहतो. त्यानेच मला विकलं. त्याचा ठेकेदार माझ्यामुळे आत बसलाय. मी गेले तर मामा काय माझं तोंड गोड करील?”

साहेबांनी सुस्कारा सोडला. “मग जिवाला धोका आहे असा अर्ज करा. पण सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. कारखान्यात नेमकं काय काय झालं?”

सोबत आलेल्या मावशींनी तिचा हात दाबला. ती ताठ बसली.

“नाही. पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, कोर्टाला सांगितलं. तिथे लिहून ठेवलंय, ते वाचा. दर वेळी सांगताना मी त्या कारखान्यात जाऊन येते. आता नाही जाणार. विचारायचंच तर आज काय करते ते विचारा. सोफे दुरुस्त करते. माझ्या हातचा सोफा कुरकुरत नाही.”

“असं अडून बसलात तर अर्ज फेटाळला जाईल.”

“फेटाळा. लपणार नाही मी. उद्या दुकानातच असेन.”

अर्ज खरंच फेटाळला गेला. त्या दिवशी ती दुकानाच्या मोरीत जाऊन हमसून हमसून रडली. मालकीणबाई दाराबाहेरून ओरडल्या, “रडून झालं असेल तर स्प्रिंगा बांधायला घे. गिऱ्हाईक बिचारं जमिनीवर बसून जेवतंय!” रडता रडता तिला हसू फुटलं. संध्याकाळी त्याच मालकीणबाई तिला ओळखीच्या वकिलाकडे घेऊन गेल्या.

अपिलात सरकारी वकिलांनी विचारलं, “एक साक्ष दिली म्हणून कायमचं राहू द्यायचं?”

“साक्षीसाठी परवाना देऊच नका,” ती म्हणाली. “बोलायला घाबरली ती मुलगीही त्याच कुलपाआड होती. ज्या देशात मला कोंडलं, तिथेच मला मोकळं फिरायचंय. ते तुमच्याकडे माझं येणं बाकी आहे. कीव नकोय मला.”

न्यायाधीशबाई जुने कागद वाचून आल्या होत्या. कारखान्याबद्दल त्यांनी चकार शब्द विचारला नाही. मामाबद्दल तेवढं विचारलं. राहण्याचा कायम परवाना मिळाला, आणि उपचारही चालू राहिले.

मावशींनी डोळे पुसले. नाहीबाई थेट वकिलाच्या कचेरीत गेली.

“आता शेजारच्या मशीनवरच्या त्या मुलीसाठी अर्ज करा.”

“ती या देशातच नाही. फार कठीण आहे.”

“कठीण म्हणालात. होणार नाही असं नाही म्हणालात,” असं म्हणून तिने खुर्ची पुढे ओढली.