वहाळावरचा बांध

हातखंब्याला गाडी बदलून पावसला एस.टी.तून उतरले तेव्हा चैत्राचं ऊन चढलं होतं. दोन हजार सालानंतरचा एखाद-दुसरा उन्हाळा असेल. पावसजवळच्या एका वहाळासाठी (पावसाळी ओढ्यासाठी) मी आदल्या वर्षी दोन संस्थांची मोट बांधली होती: खालच्या बागायतदारांची आणि वरच्या वाडीतल्या बायकांच्या मंडळाची. दिवाळीनंतर दोघांनी मिळून मातीच्या गोणी रचून बांध घातला. हे पाणी वाडीच्या विहिरीसाठी मुरू द्यायचं, पंप कोणी लावायचा नाही, असं ठरलं होतं. आता आणखी गावं जोडायची, या उमेदीने मी आले होते.

आधी अण्णांकडे गेले. ते बागायतदारांचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक. त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं. फणसाची भाजी, आमसुलाचं सार. जेवताना कुठूनतरी पंपाची धडधड ऐकू येत होती.

"अण्णा, हा पंप बांधावरचा?"

"नवी कलमं आहेत हो. डोळ्यांदेखत मरू द्यायची? बांधाला आमचीही माणसं राबलीच की."

"पण ठरलं होतं."

"ठरलं होतं खरं. पाऊस ठरल्यासारखा पडला काय?" म्हणत त्यांनी मला पुन्हा सार वाढलं.

मी तशीच वर निघाले. कातळावर (जांभ्या दगडाच्या माळावर) चपलेचा अंगठा तुटला आणि तळपाय भाजत बांधापर्यंत पोचले. मंडळाच्या अध्यक्षा सुलभाताई कमरेला पदर खोचून बांधाच्या गोणी उपसत होत्या. चार-पाच बायका हाताशी. शेजारच्या विहिरीत तळाचा चिखल दिसत होता.

"सुलभाताई, थांबा. मी बोलते अण्णांशी."

"मागे तुमी बोललाव ना? त्याचा काय झाला?"

"पाणी वाहून जाईल. तुम्हालाही मिळणार नाही."

"आमाला न्हायच मिळत, बाय. आता त्यांना पन नको."

शेवटची गोणी सरकली. पाणी उसळत खाली गेलं आणि थोड्या अंतरावर वाळूत जिरलं. जरा वेळाने पंप घरघरला, बंद पडला. बायका हातांवरची माती झाडत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी परतताना वाडीच्या पायथ्याशी पाण्याचा टँकर दिसला. अण्णांनी ओळख लावून आणवला होता. मी सुलभाताईंना हाक मारली. त्यांनी हंडा पुढे सरकवला, मान वळवली नाही.

एका वहाळाच्या माणसांनी एकत्र यावं म्हणून मी वर्षभर खेपा घातल्या होत्या. आज सगळी एकत्र आली होती. बायका उन्हात उभ्या होत्या आणि अण्णा फणसाच्या सावलीतून त्यांना सांगत होते, "रांग मोडू नका, सगळ्यांना मिळेल."