साखरपुड्याचा फोन

रात्रीची भांडी घासून झाली की वैजू आपला फोन कुकरमध्ये ठेवायची. शिट्टी काढून, झाकण घट्ट लावून. घरापासून लांब, हिंदी मुलखातल्या एका शहरात, राजा पार्क भागातल्या तिच्या खोलीत मी राहायला आले त्याच दिवशी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, आता वेडीबरोबर दिवस काढायचे! आत फोन घूं घूं करत राहायचा आणि ही बाई शांतपणे पायाला तेल चोळत बसायची. न राहवून मी म्हटलं, "अगं, वाजतोय." तर म्हणे, "वाजू दे की. त्येला काय भूक लागलीय?"

वैजू कोल्हापूरकडची, मी नाशिकची. दोघी तिथल्याच झालाना भागातल्या एकाच ऑफिसात. आता ती नोकरी बदलून गेली, पण तिच्यासारखी मुलगी मला पुन्हा भेटली नाही. तिकडच्या मुलींसारखी ती "मी आलो, मी जेवलो" अशीच बोलायची आणि चालायचीही तशीच, समोरचा बाजूला होणारच हे धरून. ऑफिसात जो उठेल तो हप्त्यावर नवा फोन घेऊन यायचा आणि महिनाअखेरीस आमच्याकडे उसने मागायचा. वैजूकडे कॉलेजातला, कडेला तडा गेलेला फोन आणि सगळ्यात स्वस्त रिचार्ज. कुणी चिडवलं तर तिचं ठरलेलं उत्तर, "हप्ता फिटायच्या आत जिची काच फुटतीय, असली वस्तू मी घेत न्हाई."

एकदा आमच्या टीम लीडने सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, रात को फोन क्यों नहीं उठातीं?" ही म्हणाली, "सर, रात को तो मैं अपनी माँ का भी नहीं उठाती. आप तो फिर भी सर हैं." अख्खी मीटिंग माना खाली घालून हसली. त्या वर्षी तिची बढती हुकली, हेही खरं. त्या रात्रीही फोन कुकरमध्येच गेला.

मग तिचं लग्न ठरलं. निखिल, पुण्यात नोकरी, दिसायला बरा. तिलाही आवडला होता, चक्क लाजली होती. आमच्याकडे हल्ली साखरपुड्यात नवऱ्या मुलाने नवरीला फोन द्यायची पद्धत पडली आहे. साडी एक वेळ साधी चालते, फोन मात्र भारीच लागतो. ताटात, पेढ्यांच्या शेजारी, रिबीन लावलेला खोका. आत सिमसुद्धा घातलेलं, तेही निखिलच्या नावावरचं. "बिल मी भरतो," तो म्हणाला, "तू फक्त उचल." सगळे कौतुकाने हसले. वैजू नाही हसली. पण आण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, कानात सांगितलं, "पोरी, कार्यालय ठरलंय, भावकीत सांगून झालंय. लग्नापातूर जरा जुळवून घे." आण्णांसाठी तिने तो फोन घेतला.

आणि मग काय सांगू! सकाळी उठल्याचा फोटो, डब्यात काय आहे, शेजारी कोण बसलंय. उशिरा उचलला तर उशीर का, लगेच उचलला तर फोन हातातच होता का, कुणाशी बोलत होतीस! लोकेशन सदा चालू. जिने सरांना भीक घातली नाही, ती वैजू बाथरूमला जातानाही फोन घेऊन जायला लागली. माझं डोकं फिरायचं. "सांग ना त्याला!" मी ओरडायचे. ती म्हणायची, "सांगितलंय. म्हणतोय, प्रेम हाय."

एका शनिवारी ती तिलक नगरला दाढ काढायला गेली. मी सोबत होते. डॉक्टरांचे हात तोंडात असतानाच फोन सुरू झाला. मग मेसेज, तिलक नगरमध्ये काय करतेयस? तोंडात कापसाचा बोळा घेऊन ती काय बोलणार, कपाळ! मीच फोन घेऊन सांगितलं, तर मला म्हणाला, "तुम्ही मध्ये पडू नका. तिला द्या." वैजूने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद करून टाकला. परतताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, गाल टम्म सुजलेला. इतकी माया आली मला तिची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. निखिल! मिळेल त्या विमानाने आला होता. तो सुजलेला गाल पाहून माणूस आधी काय विचारेल? हा म्हणाला, "मग फोटो पाठवायचास ना."

वैजू आत गेली. फोन, चार्जर सगळं खोक्यात घालून घेऊन आली आणि त्याच्या हातात दिलं. नीट बोलता येत नव्हतं, तरी एकेक शब्द सुटा करून बोलली, "ह्याच्यावर बोलायचं असंल तर ह्यो घेऊन जा. माझ्यासंगं बोलायचं असंल तर बस. चहा टाकतो."

देवाशपथ सांगते, त्याने बसावं असं तिला वाटत होतं. खुर्चीवरचे कपडेही उचलले तिने. निखिल उभाच. मग त्याने खोका उघडला, चार्जरची वायर आहे का ते पाहिलं आणि जिना उतरून गेला. वायर! हसावं की मागून चप्पल फेकावी, मला कळेना.

वैजू ओट्याशी उभी राहून रडली, चांगली हुंदके देऊन. मग तोंड धुतलं आणि स्वतःच आपल्या जुन्या फोनवरून आण्णांना फोन लावला. स्पीकरवर, कारण गालाला फोन टेकवता येत नव्हता.

सगळं ऐकून आण्णा एवढंच म्हणाले, "आता भावकीला काय सांगू गं?"

"सांगा की," वैजू म्हणाली, "फोन परत दिला आन् पोरगी ठेवून घेतली."

आण्णांनी घसा साफ केला.

"गावाकडं कधी येतीस? स्टँडवर न्यायला मी येतो. चौकातनं, भावकीच्या दारावरनं चालत येऊ घरी."